आईला अश्दोदला न्यायचंय – व्हिसा, विमा आणि बाकीचं

टेंभीनाका
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

ठाण्यात सिनेगॉगच्या मागच्या गल्लीत आमची जुनी चाळ होती. शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारं ज्यू कुटुंब. त्या घरातली मावशी आणि माझी आई एकाच वर्गात, एकाच बाकावर. 1978 साली मावशी लग्नानंतर इस्रायलला गेल्या, अश्दोदला. मध्ये दोनदा ठाण्याला येऊन गेल्या, पण आईचं तिकडे जाणं काही झालं नाही. आधी बाबांचं आजारपण, मग माझी पोरं लहान. 2023 च्या नोव्हेंबरची तिकिटं काढली आणि 7 ऑक्टोबर उजाडला, हमासचा हल्ला झाला. यंदा, 2025 मध्ये, जूनच्या शेवटी जायचं ठरत होतं, तर इराणशी युद्ध सुरू झालं. आता ऑक्टोबरपासून गाझात शस्त्रसंधी आहे. मावशींचा फोन आला, "हनुक्काला ये, दिवे एकत्र लावू." आई 73 वर्षांची आहे. ती म्हणते, आता नाही तर कधीच नाही.

प्रश्न असे आहेत. नौपाड्यातल्या एका एजंटाने दोघांच्या व्हिसाचे वीस हजार सांगितले. म्हणे, "साहेब, वॉरवाला देश आहे, फाइल जड असते." खरंच इतकं असतं का? मला कामासाठी वर्षातून दोनदा कुवेतला जावं लागतं, तर इस्रायलच्या शिक्क्याने पुढे घोळ होईल का? विमा कोणता घ्यावा? आणि शेवटचा प्रश्न, हे सगळं वेडेपणाचं आहे का?

कोपरीकर
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो.
बाकीचं जाणकार सांगतील. मी सतरंजी अंथरून बसलोय.

मृण्मयी_घोडबंदर
वीस हजार?? एजंटाला आधी नमस्कार करा आणि निघा तिथून. इस्रायलचं ईटीए-आयएल म्हणून ऑनलाइन काहीतरी सुरू झालंय ना यावर्षीपासून? माझ्या लंडनच्या नणंदेने दहा मिनिटांत भरलं. तेच भरायचं, झालं.

शनवारतेली
मृण्मयीताई, थांबा थांबा. नणंदेचा पासपोर्ट ब्रिटिश असणार. ईटीए-आयएल हे ज्यांना व्हिसाच लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्याला व्हिसा लागतोच. भारतीय पासपोर्टवर ते भरायला गेलात तर वेळ वाया जाईल. शिवाय खोट्या वेबसाइटींचा सुळसुळाट आहे, पैसे जातील ते वेगळेच.

टेंभीनाका, मी तुमच्याच गल्लीतला. (आयडी बघून कळलंच असेल. नवीन लोकांसाठी सांगतो: आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले असं सांगतात, पुढे तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली.) निम्मं खानदान तिकडे लोद आणि बीरशेबाला आहे, त्यामुळे जाऊन येऊन असतो.

जानेवारी 2025 पासून भारतीय पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो. अर्ज तिथल्या लोकसंख्या आणि स्थलांतर खात्याच्या सरकारी पोर्टलवर. तुम्हाला पर्यटकाचा बी-2 लागेल, जास्तीत जास्त तीन महिने राहता येतं. पासपोर्ट परतीनंतरही निदान सहा महिने चालणारा हवा. जायची-यायची तिकिटं, बँकेचं स्टेटमेंट, तुमचं नोकरीचं पत्र, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात वजनदार कागद म्हणजे मावशींचं निमंत्रणपत्र. त्यात त्यांचा पत्ता, फोन, तुम्ही किती दिवस राहणार, नातं काय ते स्पष्ट लिहायला सांगा आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत जोडा. नात्याच्या जागी उगाच 'बहीण' लिहू नका. बालमैत्रीण आहेत तर बालमैत्रीण लिहा. पुढे विमानतळावर हाच प्रश्न आईला विचारतील, आणि तेव्हा कागद एक बोलतोय नि आई दुसरंच, असं नको.

शिक्क्याचं: पासपोर्टवर शिक्का मारणं त्यांनी 2013 पासूनच थांबवलंय. आत जाताना फोटोची एक निळी चिठ्ठी देतात, क्रेडिट कार्डाएवढी. ती जपून ठेवा, हॉटेलवालेही मागतात.

कोपरीकर
म्हणजे वीस हजार फक्त निळ्या चिठ्ठीचे. मामलेदारची मिसळ किती झाली असती.

टेंभीनाका
@शनवारतेली, अहो तुम्ही कोण ते आलं लक्षात! तुमच्या आजीकडचा मलिदा खाल्लाय आम्ही. पोहे, गूळ, खोबरं, वर वेलदोडा. आईला वाचून दाखवलं तर डोळ्यांत पाणी.
आणखी एक शंका. आईच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असं छापलंय. मॅट्रिकचं सर्टिफिकेट सापडलं नव्हतं तेव्हा. त्याने इमिग्रेशनला अडवतील का?

खारघरचा_खारा
हा प्रश्न माझ्या वाट्याचा. तेलवाल्यांच्या नोकरीत बारा वर्षं इराकमध्ये काढली आहेत.

ईसीआरची भानगड नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. अठरा देशांची यादी आहे. सौदी, कुवेत, ओमान, कतार हे नेहमीचे, शिवाय इराक, येमेन, लिबिया, सीरिया, सुदान, अफगाणिस्तान, लेबनॉन, जॉर्डन वगैरे. तिथे नोकरीला जायचं आणि पासपोर्ट ईसीआर असेल तर सरकारची परवानगी काढावी लागते. इस्रायल त्या यादीत नाही, आई फिरायला जातेय, आणि पन्नाशीच्या पुढच्यांना तसंही ईसीआरमधून सूट आहे. निश्चिंत राहा. पुढे कधी नवीन पासपोर्ट कराल तेव्हा वागळे इस्टेटला जाऊन काढून टाका ते.

पण अशा देशांच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात. परवानग्या दोन असतात, त्यांची आणि आपली. येमेनचंच घ्या. 2017 पासून आपल्या सरकारच्या परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. तिकडचा व्हिसा हातात असला तरी. गेलात तर पासपोर्ट जप्त होऊ शकतो. इस्रायलवर तशी बंदी नाही, पण परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना येत-जात असतात. तिकीट काढायच्या दिवशी एकदा आणि निघायच्या आदल्या रात्री एकदा बघा.

इराकचा किस्सा सांगतो. कुर्दिस्तानचा व्हिसा वेगळा आणि बगदादचा वेगळा. कुर्दिस्तानच्या व्हिसावर बगदाद, बसरा, नजफ चालत नाही. उलट बगदादचा असेल तर कुर्दिस्तान चालतं. आमच्या कंपनीत एक नवीन पोरगा, पनवेलचा, एर्बिलचा, म्हणजे कुर्दिस्तानचा व्हिसा काढून आला आणि टॅक्सी करून बगदादच्या ताब्यातल्या किरकुककडे निघाला. पहिल्या फेडरल चौकीवर थांबवला. चौकीवरच्या सैनिकाने त्याचा व्हिसा बघितला, त्याच्याकडे बघितलं, चहा पाजला आणि परत पाठवला. नकाशावर एक देश दिसतो म्हणून कागदावर एक असतोच असं नाही.

मृण्मयी_घोडबंदर
@शनवारतेली, धन्यवाद, चूक मान्य. नणंद ब्रिटिशच आहे, आणि ते ती दर वाक्याला सांगतेही.

रॉनी_माजिवडा
आम्ही 2019 ला पॅरिशमधून होली लँडला गेलेलो, बेचाळीस माणसं. अम्मान, माउंट नेबो, मग बॉर्डर ओलांडून बेथलेहेम, जेरुसलेम.

चौकशीची भीती घालतात तेवढं काही नसतं, पण चौकशी असते. "बॅग कुणी भरली? कुणी काही दिलंय का नेऊन द्यायला?" हे दोन प्रश्न तीनदा विचारतात. माझ्या बायकोच्या बॅगेत आमचा ईस्ट इंडियन बॉटल मसाला. बियरच्या बाटलीत ठासून भरलेला, वरून बूच. अधिकारी मुलगी, विशी-बाविशीची. विचारते हे काय? बायको म्हणाली मसाला. विचारते, बाटलीत का? आता याचं उत्तर काय देणार, आमच्याकडे तो बाटलीतच असतो! तिने बूच काढून नाक लावलं आणि जी शिंकायला लागली… शेजारच्या काउंटरवरचा धावत आला. पाच मिनिटांनी दोघं हसत होते. पण ती पाच मिनिटं आमच्या फादरनी अख्खी रोझरी म्हटली.

तात्पर्य: आईच्या बॅगेत काय आहे ते आईला माहीत पाहिजे.

टेंभीनाका
आई आमसुलं, काळा मसाला, कुळथाचं पीठ आणि भाजणी नेणार म्हणते. कुळथाचं पीठ कसं समजावणार आहे देव जाणे.

अभिजित_ऐरोली
स्पष्ट बोलतो, राग नसावा. गाझामध्ये हजारोंनी माणसं मेलीत, पोरंबाळं मेलीत, आणि इथे व्हिसाच्या युक्त्या आणि मसाल्याचे किस्से. अशा वेळी तिकडे फिरायला जाणं मला तरी जमणार नाही.

टेंभीनाका
राग नाही. तुमचं वाटणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण मी जेरुसलेम बघायला चाललेलो नाही. आईला तिच्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात एकदा बसायचंय, एवढंच आहे.

व्यवस्थापक
दोन्ही बाजू आल्या. या विषयावर वेगळा धागा आहे, तिथे जरूर लिहा. इथे प्रवासाच्या कागदपत्रांपुरतं ठेवू या.

बाबूराव_पॉलिसी
विम्यात पंचवीस वर्षं गेली, म्हणून लिहितो. टेंभीनाका, तुम्ही विचारलंय विमा "कोणता" घ्यावा. आधी पॉलिसीतलं अपवादांचं पान वाचा. प्रवास विम्यात युद्ध, आक्रमण, शत्रुराष्ट्राची कारवाई हे बहुतेक सगळीकडे वगळलेलं असतं. म्हणजे आईला तिकडे न्यूमोनिया झाला तर विमा चालेल. क्षेपणास्त्रामुळे विमान रद्द झालं, चार रात्री जास्त राहावं लागलं, तर बहुधा नाही. शिवाय आपल्या सरकारने 'जाऊ नका' अशी सूचना काढलेली असताना गेलात तर काही कंपन्या तेवढ्या कारणाने हात वर करतात. कंपनीला ईमेल करून लेखी विचारा. फोनवरच्या मुलीच्या "हो सर, कव्हर्ड आहे सर"ला काडीची किंमत नाही.

आईचा बीपी-शुगर काय असेल ते फॉर्मवर लिहाच. लपवलेला बीपी क्लेमच्या दिवशी बरोब्बर सापडतो.

कोपरीकर
बाबूराव, माझ्या मेडिक्लेमचं पण एकदा बघाल का

बाबूराव_पॉलिसी
विपू करा (माझ्या पानावर निरोप टाका).

दर्यावर्दी
सीवूड्सहून हजेरी. मी जहाजावर चीफ इंजिनीअर. अश्दोद आणि हैफा दोन्ही बंदरं केली आहेत.

आमच्या धंद्यात युद्धक्षेत्र घोषित झालं की करारात लिहिलेलं असतं: जायला नकार द्यायचा हक्क, आणि गेलास तर त्या दिवसांचा पगार दुप्पट. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी नोव्हेंबर 2023 मध्ये 'गॅलेक्सी लीडर' जहाज पळवलं, त्यातले पंचवीस खलाशी जानेवारी 2025 मध्ये सुटले. तेव्हापासून घरी बायको आधी रूट विचारते, पगार नंतर.

पर्यटकाला दुप्पट पगार कोणी देत नाही, म्हणून त्याने निघायची वाट आधी ठरवायची. व्हिसा तुम्हाला आत नेईल. आकाश बंद झालं की बाहेर कसे येणार? यंदा 13 जूनला तेल अवीवचा बेन गुरियन विमानतळ बंद झाला तो बारा दिवसांचं युद्ध संपेपर्यंत नेहमीसारखा उघडला नाही. माझा मेव्हणा तेव्हा तेल अवीवमध्ये ट्रेनिंगला होता. आपल्या दूतावासाने नोंदणी केलेल्यांना बसने जॉर्डन आणि इजिप्तच्या हद्दीवर नेलं आणि तिथून विमानाने आणलं, 'ऑपरेशन सिंधू'. 2023 चं 'ऑपरेशन अजय' थेट तेल अवीवहून होतं, यंदाचं रस्त्याने. मेव्हण्याने पोचल्याच्या दिवशी दूतावासाकडे नाव नोंदवलं होतं, म्हणून त्याला फोन आला. तर पहिल्या दिवशी, सामान उघडायच्या आधी, नोंदणी करा.

शनवारतेली
अनुमोदन. आणि विमान एकाच तिकिटावर घ्या. दुबई किंवा अबुधाबीमार्गे दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून लोक घेतात. मग पहिलं विमान लांबलं की दुसऱ्याची जबाबदारी कोणाचीच नाही. शिवाय सामान घ्यायला बाहेर यायचं तर अमिरातीचा व्हिसा हवा. एका तिकिटावर हे सगळं विमान कंपनीच्या गळ्यात. यंदा 4 मेला बेन गुरियनजवळ हुथींचं क्षेपणास्त्र पडलं तेव्हा दिल्लीहून निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतून अबुधाबीला वळवलं होतं. असं होऊ शकतं हे धरूनच चाला.

कौसेकर
अस्सलाम वालेकुम आणि नमस्कार. धागा वाचत होतो, राहवलं नाही.

आम्ही 2022 मध्ये अब्बा-अम्मीला घेऊन बैतुल मुकद्दसला, म्हणजे जेरुसलेमला गेलो होतो, मुंब्र्यातून तीस जणांचा ग्रुप, अम्मानमार्गे. जॉर्डनच्या हद्दीवरच्या किंग हुसेन पुलावर आम्हाला पाच तास लागले. रॉनीभाईंसारखी शिंक कुणाला आली नाही. 😊 काही जणांना आत नेऊन आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, गाव, सगळं विचारलं. अब्बांनी कोकणातलं गाव सांगितलं तर त्यांना ते नकाशात सापडेना. वाईट वाटलं का? वाटलं. पण अल-अक्साच्या आवारात अब्बांनी पहिली नमाज पढली आणि नंतर त्या पाच तासांचा विषय त्यांनी स्वतः कधी काढला नाही.

आईंसाठी सांगतो: गोळ्या, पाणी, बिस्किटं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा तुमच्या आधी पुढे जातात.

जॉर्डनची वाट राखीव ठेवणार असाल तर एक बारीक गोष्ट. अम्मान विमानतळावर आपल्याला जॉर्डनचा व्हिसा उतरल्यावर मिळतो, पण किंग हुसेन पुलावर मिळत नाही. तिथून जायचं तर आधी काढलेला हवा. इजिप्तचा तर आधीच काढावा लागतो. आणि कुवेतचं विचारलं होतंत ना? इस्रायल शिक्का मारत नाही हे खरं, पण जॉर्डन किंवा इजिप्तच्या हद्दीचा शिक्का पासपोर्टवर बसला तर त्यात नाक्याचं नाव असतं. त्या नाक्यापलीकडे दुसरा कुठला देशच नाही. बघणाऱ्याला कळतं.

टेंभीनाका
कौसेकर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे विमानाने जाऊन विमानानेच परत, आणि जमिनीची वाट फक्त गळ्याशी आलं तर. त्या वेळी कुवेतचं कुवेतला बघू.

शनवारतेली
कागदांचं झालं. आता खरा प्रश्न विचारतो, जो एजंट वीस नाही चाळीस हजार घेऊनही विचारणार नाही. मावशींची इमारत कधीची? कितवा मजला? घरात ममाद आहे का?

1991 च्या आखाती युद्धानंतर तिकडे नवीन बांधकामात प्रत्येक घरात एक काँक्रीटची खोली सक्तीची झाली, पोलादी दार आणि पोलादी झडप असलेली. तिला ममाद म्हणतात. जुन्या इमारतींत ती नसते. तळाशी किंवा रस्त्यापलीकडे सगळ्यांचा मिळून मिक्लात, म्हणजे सामायिक आडोसा असतो. गाझाकडून रॉकेट आलं तर भोंगा वाजल्यापासून आडोशाला पोचायला किती वेळ, हे गावागणिक ठरलेलं आहे. स्देरोतला पंधरा सेकंद, अश्कलोनला तीस, अश्दोदला पंचेचाळीस, तेल अवीवला नव्वद. इराणकडून येणाऱ्याची सूचना फोनवर काही मिनिटं आधी मिळते, त्यात बरं असतं. तिथल्या सैन्याच्या होम फ्रंट कमांडचं ॲप दोघांच्या फोनवर घ्या.

माझी बीरशेबाची आत्या 80 वर्षांची. जुनी इमारत. ती जूनमध्ये बारा रात्री मिक्लातमध्येच गादी टाकून झोपली, कारण जिना.

कोपरीकर
पंचेचाळीस सेकंदांत मी चष्मा शोधतो.

टेंभीनाका
चार दिवस लिहिलं नाही, कारण सांगतो.

मावशींची इमारत जुनी आहे, तिसरा मजला, ममाद नाही. मिक्लात तळाशी. हे मी आईला सांगितलं नाही. रविवारी सकाळी तिला म्हटलं, चल भाजी आणू, लिफ्ट बंद आहे. (बंद नव्हती.) आम्हीही तिसऱ्याच मजल्यावर राहतो. मी मागे मोबाइलवर घड्याळ लावून चालत होतो. पहिला जिना बरा गेला. दुसऱ्याला तिने कठडा धरला, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. वॉचमन भेटला तर त्याच्याशी दोन शब्द बोलली, ते मी वजा केले. एक मिनिट बावन्न सेकंद.

भाजी घेऊन परत येताना लिफ्टने आलो. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "किती लागले?" मी गप्प. म्हणाली, "मी पंचेचाळीसपर्यंत मोजत होते. पहिल्या मजल्यावरसुद्धा नव्हते." मावशींनी तिला सगळं आधीच सांगितलेलं. दोघींचं रोज रात्री व्हॉट्सॲपवर बोलणं असतं, मला वाटलं होतं सिरियलबद्दल असतं.

मृण्मयी_घोडबंदर
अगं बाई. काटा आला.

दर्यावर्दी
काकूंना आमच्या सेफ्टी ड्रिलला बोलवायला हवं.

कौसेकर
मग रद्द का?

टेंभीनाका
नाही. मावशींचा नातू अश्दोदमध्येच नवीन इमारतीत राहतो, घरात ममाद आहे. तो म्हणाला या माझ्याकडे. तर आई अडून बसली, "मी तिच्या घरी यायचं म्हटलंय, नातवाच्या नाही." दोन रात्री फोनवर कुरबुर. शेवटी मावशी म्हणाल्या, मग मीच माझी भांडी घेऊन नातवाकडे राहायला जाते, म्हणजे स्वयंपाकघर माझंच झालं. नातसुनेला कोणी विचारलं की नाही ते माहीत नाही. दोघी ममादमध्ये झोपणार, मी हॉलमध्ये.

ई-व्हिसाचा अर्ज भरला, एजंटाविना. नात्याच्या जागी 'बालमैत्रीण' लिहिलंय. तिकीट अबुधाबीमार्गे एकाच पीएनआरवर, तारीख बदलता येईल असं, त्याला थोडे जास्त पडले. विमा कंपनीला ईमेल केलाय. बाबूराव, तुम्ही म्हणालात तसंच उत्तर आलं, युद्ध वगळून.

बाबूराव_पॉलिसी
लेखी आलंय ना? प्रिंट काढून ठेवा.

रॉनी_माजिवडा
आणि कुळथाच्या पिठाचं काय ठरलं?

टेंभीनाका
दोन किलो. पिशवीवर आईने स्केचपेनने मराठीत 'कुळीथ' लिहिलंय, म्हणजे विचारायचं कामच नाही म्हणते.

शनवारतेली
काउंटरवरची एखादी आमच्यातली, दिमोनाची पोरगी निघाली तर वाचेलही. आजीने शिकवलं असेल तर. माझ्या आत्यासाठी अर्धा किलो वाढवता का? पण "कुणी काही दिलंय का"ला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही बघा.